ग्राफिक्स कार्ड नसलं तरी चालतंय: ओपन सोर्स गेम्स आणि रेट्रो कॉम्प्युटिंग कुठून सुरू करायचं

सारखं कुणी ना कुणी विचारत असतं, "घरात जुना लॅपटॉप पडलाय, चार जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड वगैरे काही नाही, यावर काही खेळता येईल का?" आणि लगेच चार जण त्याला नवीन ग्राफिक्स कार्डच्या किमती सांगायला बसतात. अरे, त्याने विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय! तर हे त्या जुन्या लॅपटॉपवाल्यांसाठी. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर भांडण नको: या छंदात पहिले सहा महिने एक रुपयाही खर्च करू नये, आणि सुरुवात ज्यांचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, खुला आहे अशाच गेम्सपासून करावी. कंपनी बुडाली, सर्व्हर बंद पडला, नवीन विंडोज आलं, तरी असा गेम कुणीतरी परत चालता करतंच, कारण कोड सगळ्यांच्या हातात असतो.

पायरी पहिली: मशीन

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, त्यामुळे घरोघरी धडधाकट लॅपटॉप भंगारात चाललेत. भंगारवाल्याला देऊ नका. त्याच्यावर लिनक्स मिंट टाका, ती विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टम आहे, त्यातही एक्सएफसीई वाली आवृत्ती, ती हलकी आहे. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर मिंटची फाइल लिहा, लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि आधी इन्स्टॉल न करताच वापरून बघा. वायफाय चालतंय का, आवाज येतोय का, टचपॅड नीट आहे का, एवढं बघितलं की मग इन्स्टॉल. घरातले लग्नाचे फोटो, कागदपत्रं जे काही असेल ते आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा, कारण इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाते आणि मग घरचे आयुष्यभर ऐकवतात.

हार्ड डिस्क जुनी फिरणारी असेल तर कधीतरी साधी साटा एसएसडी बसवा, फरक लगेच जाणवतो. पण आत्ता नाही, सहा महिन्यांनी. विंडोजवरच राहायचं असेल तरी हरकत नाही, खाली सांगितलेलं जवळपास सगळं विंडोजवरही चालतं.

मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर नावाचं दुकान असतं, सगळं तिथूनच घ्या. एकाच गेमचे दोन प्रकार दिसतील, एक सिस्टमचं पॅकेज आणि एक फ्लॅटपॅक. सिस्टमचं छोटं असतं पण बऱ्याचदा जुनं असतं, फ्लॅटपॅक ताजं असतं पण पहिल्यांदा डाउनलोड मोठं होतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर सिस्टमवालं घ्या, वायफाय असेल तर फ्लॅटपॅक.

पायरी दुसरी: इंजिन वेगळं, डेटा वेगळा

नवीन माणूस इथेच अडकतो. इंजिन म्हणजे टेपरेकॉर्डर आणि गेमचा डेटा म्हणजे कॅसेट, म्हणजे चित्रं, आवाज, लेव्हल्स हे सगळं कॅसेटमध्ये. बऱ्याच जुन्या गेम्सचं इंजिन आज खुलं आहे पण डेटा अजून कंपनीच्या मालकीचा आहे.

डूम घ्या. गेम आला डिसेंबर १९९३ मध्ये, सोर्स कोड दिला डिसेंबर १९९७ मध्ये, १९९९ मध्ये तो जीपीएल या खुल्या लायसन्सखाली आला. त्या कोडवरून लोकांनी कितीतरी पोर्ट, म्हणजे आजच्या मशीनवर चालणाऱ्या आवृत्त्या, बनवले: चॉकलेट डूम अगदी जुन्या डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या सिस्टमच्या) गेमसारखं वागतं, जीझेडडूम मध्ये वाट्टेल ते करता येतं पण जुन्या ग्राफिक्सवर ते कुरकुरतं. मात्र लेव्हल्स आणि राक्षस फुकट झालेले नाहीत. शेअरवेअर, म्हणजे फुकट नमुना, म्हणून वाटलेला पहिला भाग वापरायला हरकत नाही, नाहीतर फ्रीडूम घ्या. फ्रीडूम म्हणजे लोकांनी नव्याने काढलेली चित्रं, नवे आवाज, नव्या लेव्हल्स, सगळं खुलं. दिसायला थोडं ओबडधोबड आहे, काही राक्षस बघून हसू येतं, पण डूमसाठी बनवलेले मॉड, म्हणजे खेळाडूंनी केलेल्या जोडण्या आणि बदल, त्यावर चालतात, आणि ते पुष्कळ आहेत.

पायरी तिसरी: पहिला गेम, एकच

लोक काय करतात, एका दिवसात पंधरा गेम टाकतात, प्रत्येक पाच मिनिटं बघतात आणि म्हणतात की ओपन सोर्समध्ये दम नाही. एक गेम निवडा आणि महिनाभर त्यालाच धरून बसा. माझी शिफारस ओपनटीटीडी, म्हणजे वाहतूक कंपनी चालवायचा गेम, आणि यावर मी मागे हटणार नाही.

मूळ गेम ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स, क्रिस सॉयरचा, १९९५ चा. ओपनटीटीडी २००४ मध्ये सुरू झालं, आणि २०१० मध्ये १.० आवृत्ती आली तेव्हापासून मूळ गेमच्या फाइल्सची गरजच उरली नाही, कारण ओपनजीएफएक्स नावाची खुली चित्रं तयार झाली. पहिल्यांदा उघडलं की ते स्वतःच विचारतं की चित्रं उतरवू का, हो म्हणा. कुठल्याही डबड्यावर पळतं.

आता नवा गेम सुरू करा, समशीतोष्ण हवामान निवडा, सेटिंगमध्ये जाऊन गाड्यांचे बिघाड बंद करा. जुने खेळाडू नाक मुरडतील, मुरडू दे, पहिल्या आठवड्यात बिघाड म्हणजे नुसता डोक्याला ताप. नकाशावर कोळशाची खाण शोधा आणि साठ-सत्तर चौकोन लांब असलेलं वीजकेंद्र शोधा. खूप जवळचं घेऊ नका, कारण पैसे अंतरावर मिळतात, माल किती आणि किती वेळात पोचवला त्यावरही मिळतात. खाणीला लागून एक स्टेशन, वीजकेंद्राला लागून एक स्टेशन, मध्ये रूळ, बाजूला डेपो. डेपोतून इंजिन आणि कोळशाचे डबे घ्या, ऑर्डर द्या: खाणीवर जा आणि पूर्ण भरल्याशिवाय निघू नको, मग वीजकेंद्रावर जाऊन रिकामी कर. पूर्ण भरण्याची ऑर्डर विसरलात तर गाडी दोन टन कोळसा घेऊन एवढ्या लांब जाते आणि तुम्ही विचार करत बसता की तोटा का होतोय.

पहिली गाडी पैसे आणायला लागली की लगेच दुसरी घ्यावीशी वाटते, आणि तिथे सिग्नल येतात. सगळ्यात जास्त लोक गेम सोडतात ते इथे. सुरुवातीला एकच प्रकार वापरा, पाथ सिग्नल, तोही एकाच दिशेचा. आणि नियम असा की जिथे गाडी थांबली तर मागच्या कुणाची अडचण होणार नाही तिथेच सिग्नल लावायचा, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधी लावायचा, फाट्याच्या मधोमध नाही. ज्याने कर्जत किंवा कल्याणच्या बाहेर सिग्नलला अर्धा अर्धा तास काढलाय त्याला हे लवकर कळतं. जाण्याचा रूळ वेगळा, येण्याचा वेगळा, हे एकदा जमलं की वीस गाड्या एकाच मार्गावर धावतात आणि ते नुसतं बघत बसलं तरी संध्याकाळ जाते.

एक गंमत. गावाजवळची झाडं तोडलीत की तिथली नगरपालिका चिडते आणि स्टेशनला परवानगी नाकारते. मग झाडं लावायची, मर्जी परत येते. लाच देण्याचाही पर्याय आहे, पण पकडले गेलात तर मर्जी पार तळाला जाते. १९९५ च्या ब्रिटिश माणसाने बनवलेला गेम आहे हो, आपल्याकडे येऊन अभ्यास केला असेल असं वाटतं.

हे झालं की मग

बॅटल फॉर वेसनॉथ: षटकोनी नकाशा, आलटून पालटून चाल, २००३ पासून चालू आहे. दिवसा एक पक्ष जोरात असतो, रात्री दुसरा, आणि जंगलात लपलेल्या एल्फला मारायला गेलात की वार हुकत राहतात. लोक फाशांना शिव्या घालतात, पण बहुतेक वेळा चूक जागा निवडण्याची असते. आधी ट्यूटोरियल करा, मग दोन भावांची छोटी मोहीम, ती नवशिक्यांसाठीच आहे.

झिरो ए.डी.: दिसायला या सगळ्यांत देखणा. प्राचीन संस्कृतींचा लढाईचा गेम, त्यात मौर्य आहेत, चंद्रगुप्त, अशोक आणि चाणक्य नायक म्हणून मिळतात. मौर्यांचा कामकरी हत्ती घ्याच, तो चालतं फिरतं कोठार असतो, लाकूडतोड्यांच्या शेजारी उभा केला की त्यांच्या चकरा वाचतात. पण खरं सांगायचं तर चार जीबीच्या मशीनवर हा गेम सुरुवातीला छान चालतो आणि दोन्हीकडे शे-दीडशे माणसं झाली की रांगायला लागतो. छोटा नकाशा, एकच शत्रू, एवढ्यावर समाधान माना.

सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम मुलांसाठी उत्तम, एकाच कीबोर्डवर दोघं खेळू शकतात, २०१९ च्या १.० आवृत्तीपासून इंटरनेटवरूनही. घरी भाचेकंपनी आली की मोबाइल हिसकावण्यापेक्षा हे लावून द्या.

आणि लुआंटी. याचं आधीचं नाव माइनटेस्ट, २०२४ मध्ये नाव बदललं. लोक टाकतात, उघडतात, आत गेमच नाही म्हणून चिडून काढून टाकतात. तर लुआंटी हे नुसतं इंजिन आहे, आत कंटेंट नावाचा टॅब आहे, तिथून व्हॉक्सेलिब्रे उतरवा, मग तुम्हाला हवं असलेलं ठोकळ्यांचं जग मिळेल. मॉड लुआ नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहितात, शाळकरी पोरांना प्रोग्रामिंगची गोडी लावायला याच्याइतकं सोपं निमित्त मला तरी माहीत नाही.

पायरी चौथी: डॉसचे दिवस

आता रेट्रो, म्हणजे जुन्या जमान्यातले कॉम्प्युटर आणि त्यांचे गेम. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा पहिला कॉम्प्युटर म्हणजे शाळेतली लॅब, बाहेर चपला काढायच्या, आत एसी, आणि सर बाहेर गेले की डेंजरस डेव नाहीतर प्रिन्स ऑफ पर्शिया. त्या गेम्ससाठी डॉसबॉक्स, आजच्या मशीनवर जुन्या डॉसच्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम. २००२ पासून आहे, आज नव्याने सुरू करणाऱ्याने डॉसबॉक्स स्टेजिंग ही आवृत्ती घ्यावी, मूळ डॉसबॉक्समध्ये बरीच वर्षं फार हालचाल नाही.

वापरायचं कसं तर गेमचं एक फोल्डर करा, नाव छोटं ठेवा, आठ अक्षरांच्या आत, मध्ये जागा नको, कारण डॉसला तेवढंच समजतं. विंडोजवर ते फोल्डर उचलून डॉसबॉक्सच्या आयकॉनवर टाकलं की ते सी ड्राइव्ह म्हणून उघडतं. लिनक्सवर माउंट कमांड द्यावी लागते: माउंट, मग सी, मग फोल्डरचा पत्ता, आणि त्यानंतर सी कोलन टाइप करून एंटर.

गेम फार पळतोय किंवा फार रेंगाळतोय? कंट्रोल आणि एफ११ ने वेग कमी, कंट्रोल आणि एफ१२ ने जास्त. माउस अडकला तर कंट्रोल आणि एफ१०. ऑल्ट एंटरने पूर्ण स्क्रीन. गेमच्या सेटअपमध्ये आवाजाचं विचारलं तर साउंड ब्लास्टर १६ निवडा, पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. हे तीन आकडे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

अजून एक बारीक गोष्ट जी कुणी सांगत नाही. डॉसचे बरेचसे गेम ३२० बाय २०० चे असतात पण ते ४:३ च्या जुन्या मॉनिटरवर दिसायचे, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंच असायचा. आजच्या स्क्रीनवर ठिपके चौरस दाखवले की सगळं चेपलेलं दिसतं, गोल चाक अंडाकृती होतं, माणसं बुटकी होतात. म्हणून आस्पेक्ट करेक्शन चालू आहे ना हे बघा. एकदा फरक दिसला की परत बंद करवत नाही.

पॉइंट अँड क्लिक, म्हणजे माउसने क्लिक करत पुढे जायच्या, गोष्टींचे गेम आवडत असतील तर डॉसबॉक्सऐवजी स्कमव्हीएम वापरा. तिथे बिनीथ अ स्टील स्काय हा १९९४ चा गेम अधिकृतपणे फुकट मिळतो, २००३ पासून. फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीन पण. दोन्ही स्कमव्हीएमच्या साइटवरूनच उतरवा.

फ्रीडॉस, म्हणजे डॉसचीच फुकट आणि खुली आवृत्ती, आठवतंय? दुकानात "डॉसवाला लॅपटॉप" म्हणून स्वस्तात मिळायचा, घरी आणला की पहिलं काम म्हणजे ते पुसून पायरेटेड विंडोज टाकणं. त्या बिचाऱ्या फ्रीडॉसकडे कुणी वळून पाहिलं नाही. जिम हॉलने १९९४ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प अजून जिवंत आहे, १.४ आवृत्ती २०२५ मध्ये आली. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये, टाकून बघा, मजा येते. खऱ्या लॅपटॉपवर गेमसाठी टाकण्यात मात्र अर्थ नाही, नव्या साउंड चिपला जुने गेम ओळखत नाहीत, मग बसा मुकपट बघत.

कॉपीराइटचं काय?

"अबँडनवेअर आहे, चालतंय" हे वाक्य सगळीकडे ऐकाल. अबँडनवेअर म्हणजे कंपनीने वाऱ्यावर सोडलेलं सॉफ्टवेअर, पण कायद्यात असा शब्द नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे १९९० चा गेम आपल्या हयातीत काही मोकळा होणार नाही. स्वतःकडच्या कायदेशीर कॉपीचा बॅकअप घ्यायला मात्र तोच कायदा परवानगी देतो. जुने गेम विकत हवे असतील तर जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर बघा, ते बऱ्याचदा डॉसबॉक्स किंवा स्कमव्हीएम सोबत बांधूनच देतात, सेलमध्ये घ्या.

दहा हजार रॉमची, म्हणजे कॅसेटमधल्या गेमच्या कॉपी केलेल्या फाइल्सची, हार्ड डिस्क विकणाऱ्यांपासून लांब राहा. कायद्याचं सोडा, त्या दहा हजारांतला एकही गेम तुम्ही पूर्ण खेळणार नाही, नुसती यादी वरखाली करत बसाल.

टीव्हीवाला गेम

नव्वदच्या दशकात आपण ज्याला नुसतं "व्हिडिओ गेम" म्हणायचो, कॅसेटवर ९९९९९९ इन वन लिहिलेलं आणि आत मोजून पाच-सहा गेम, ते बहुतेक सगळे जपानच्या १९८३ च्या फॅमिकॉम या गेम-मशीनचे क्लोन, म्हणजे नकला, होते. त्याचं एम्युलेशन, म्हणजे सॉफ्टवेअरने केलेली त्या मशीनची नक्कल, आज मोबाइलवरही होतं. कॉन्ट्राची वर वर खाली खाली वाली ट्रिक अजून बोटांत असेल तर तुम्ही आमच्यातलेच. कॉम्प्युटरवर मेसेन किंवा रेट्रोआर्क घ्या. रेट्रोआर्कचा मेनू बघून घाबरायला होतं हे कबूल, त्यामुळे एकाच मशीनचे गेम खेळायचे असतील तर वेगळा एम्युलेटरच बरा. आणि नवे, कायदेशीर, खुले गेमही आहेत: नोव्हा द स्क्विरल हा या जुन्या मशीनसाठी नव्याने लिहिलेला गेम, कोडसकट मिळतो. गेमबॉयसाठी तसाच टोबू टोबू गर्ल.

बदकं मारायची बंदूक मात्र आजच्या एलसीडी टीव्हीवर आहे तशी चालत नाही. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड शोधतो, आणि हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या चमकण्यावर आणि वेळेवर बेतलेलं आहे.

खरं जुनं हार्डवेअर

सहा महिने झाले, खाज जात नाहीये, मग या इथे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, आणि सगळ्यात भारी म्हणजे नातेवाइकांचे माळे. दिवाळीच्या साफसफाईच्या आधी फोन फिरवा.

घेताना बघायचं काय? मदरबोर्डवर निळसर डबीसारखी सोल्डर केलेली बॅटरी असेल तर ती गळून आजूबाजूचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकते, हिरवा-निळा थर दिसला तर किंमत पाडा किंवा सोडा. कपॅसिटरची डोकी फुगलेली आहेत का बघा. घरी आणल्या आणल्या प्लग खुपसू नका, आधी उघडा, धूळ काढा, पॉवर सप्लाय वेगळा तपासून घ्या. आणि पिक्चर ट्यूबचा मॉनिटर कधीही, कधीही स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत हजारो व्होल्ट राहू शकतात. टीव्ही दुरुस्त करणारे जुने काका अजून सापडतात, त्यांच्याकडे न्या.

फ्लॉप्या सापडल्या तर आधी कॉपी करा, खेळ नंतर. साडेतीन इंचीचा यूएसबी ड्राइव्ह मिळतो. प्रिन्स ऑफ पर्शियाचा मूळ ॲपल कॉम्प्युटरवरचा सोर्स हरवला होता, गेमचा कर्ता जॉर्डन मेक्नर याच्या वडिलांना खोक्यात फ्लॉप्या सापडल्या आणि २०१२ मध्ये तो कोड वाचून जाहीर केला गेला. तिकडे कोरडं कपाट असेल, आपल्याकडे कोकणात, मुंबईत एका पावसाळ्यात फ्लॉपीवर बुरशी चढते, त्यामुळे हवाबंद डबा आणि सिलिका जेल. फ्लॉपीचं झाकण सरकवून चकती बघा, डाग दिसला तर ड्राइव्हमध्ये घालू नका, ड्राइव्हचं हेडपण जाईल आणि पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही खराब होतील.

त्या फ्लॉप्यांत मराठी मजकूर निघाला आणि उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर फेकू नका. युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधी प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरचं अक्षरं साठवायचं स्वतःचं एन्कोडिंग असायचं, आणि डॉसवर देवनागरी दाखवायला पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड लागायचं, चक्क कॉम्प्युटरच्या आत बसवायचं कार्ड. फाइल जशीच्या तशी ठेवा, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केली होती ते लिहून ठेवा, बऱ्याच जुन्या फॉन्टसाठी कन्व्हर्टर मिळतात.

काहीच विकत न घेता जुनं मशीन अनुभवायचं असेल तर जेएसबीब नावाचा बीबीसी मायक्रो या ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश कॉम्प्युटरचा एम्युलेटर थेट ब्राउझरमध्ये चालतो. भारतात १९८४ मध्ये शाळांसाठी क्लास प्रकल्प सुरू झाला तेव्हा हाच कॉम्प्युटर आणला होता, ३२ केबी मेमरी. उघडा, दहा नंबरच्या ओळीत प्रिंट आणि अवतरणात तुमचं नाव, वीस नंबरच्या ओळीत गोटू दहा, मग रन. थांबवायला एस्केप.

आणि हे सगळं खेळताना काही बिघडलं, गेम बंद पडला, तर प्रकल्पाच्या पानावर बग लिहा, मोडकंतोडकं इंग्रजी चालतं, फक्त आवृत्ती कोणती, मशीन कोणतं आणि काय केल्यावर बंद पडलं हे तीन मुद्दे हवेत. कोड येत नसेल तर झिरो ए.डी. चं भाषांतर ट्रान्सिफेक्सवर होतं, लुआंटीचं वेबलेटवर, या दोन्ही भाषांतराच्या साइट आहेत, खातं काढा, मराठी निवडा, मेनूतल्या छोट्या शब्दांपासून सुरू करा. "सेव्ह" ला "जतन करा" लिहायचं की "सेव्ह करा" यावर तिथे वाद होतील, मी "सेव्ह करा" वाल्यांच्या बाजूने.